मोजून घेतलेले पितळ : अंबरनाथच्या आयुध निर्माणीचा इतिहास

ठाणे, बाळकुम, कळवा या पट्ट्यात स्थायिक झालेल्या निवृत्त संरक्षण कामगारांच्या मेळाव्यानिमित्त ही स्मरणिका निघते आहे. तीत निर्माणीचा इतिहास यावा असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. असा इतिहास म्हटला की उद्घाटने, महाव्यवस्थापकांची नावे, मानचिन्हे आणि उत्पादनाचे आकडे डोळ्यांपुढे येतात. ते सारे निर्माणीच्या दप्तरात आहे आणि सुरक्षित आहे. ज्याची नोंद कुठेच राहणार नाही, ते भट्टीवरचे काम. म्हणून या लेखात मी एकच धागा धरला आहे : बंदुकीतून उडून गेलेल्या गोळीचे मागे उरलेले पितळ परत कसे येत असे, आणि त्याचे पुन्हा काय होत असे.

अंबरनाथला बाहेरगावचे लोक शिलाहारांच्या शिवमंदिरामुळे ओळखतात. उद्योगांच्या दृष्टीने मात्र हे गाव रेल्वेमुळे जागे झाले. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचला आणि १८५६ मध्ये पळसदरीपर्यंत गेला. मोकळी जमीन, वालधुनीचे आणि तलावांचे पाणी, आणि दाराशी मालगाडी. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने इथे गंधकाम्ल आणि खते करायला घेतली. त्यानंतर काही वर्षांतच विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या परिसरात लष्कराच्या मोठ्या छावण्या पडल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. लष्कर, रसायने, रेल्वे आणि काम शोधणारी माणसे हे सगळे इथे आधीच होते. १९५० च्या दशकात अंबरनाथला संरक्षण खात्याच्या दोन निर्माण्या उभ्या राहिल्या. एक यंत्रसामग्री घडवणारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, जिला स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीचे तांत्रिक साहाय्य होते. दुसरी आपली. कागदोपत्री ती आयुध निर्माणी, पण स्टेशनवरचा रिक्षावालाही तिला ‘ऑर्डनन्स’च म्हणतो.

बाहेरच्यांचा एक गैरसमज आपण सगळ्यांनी आयुष्यभर ऐकला आहे. आपण तिथे बंदुका बनवत होतो, असे नातेवाइकांना वाटे. खरे तर ही धातूची निर्माणी. तांबे, जस्त, अॅल्युमिनियम वितळवायचे, मिश्रधातू ओतायचा, लाटून पट्टी करायची, पट्टीतून चकत्या आणि कप काढायचे, दांडे आणि नळ्या काढायच्या, आणि हा माल देशातल्या दारूगोळ्याच्या निर्माण्यांना पुरवायचा. खडकीला आणि वरणगावला रायफलीच्या गोळ्या तयार होतात. त्यांच्या पुंगळीची पहिली अवस्था, म्हणजे पितळेचा छोटा जाड कप, आपल्याकडून जाई. कटनीची निर्माणी हे काम करणारी आपली थोरली बहीण.

तो काळ आठवला तर या कामाचे मोल कळेल. १९५० च्या दशकात भारतात तांबे फार थोडे निघे, तेही मुख्यतः घाटशिला-मोसाबनीच्या खाणींतून. जस्त तर देशात बनतच नव्हते. हिंदुस्थान झिंक ही सरकारी कंपनी १९६६ मध्ये स्थापन झाली आणि राजस्थानात देबारीचा तिचा कारखाना १९६८ मध्ये सुरू झाला. केरळातला खासगी कारखानाही त्याच सुमाराचा. म्हणजे आपल्या भट्ट्या पेटल्या तेव्हा पितळेतले जस्त सगळेच बाहेरून येई आणि तांब्याचाही मोठा भाग आयातीचा असे. १९५७-५८ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली, तेव्हा प्रत्येक टन तांब्यासाठी डॉलर किंवा पौंड कुठून आणायचे हा दिल्लीपुढचा प्रश्न होता. अशा देशात सरावाच्या मैदानावर पडलेली रिकामी पुंगळी हा कचरा असूच शकत नव्हता. एका ७.६२ मिलिमीटर पुंगळीचे वजन १२ ग्रॅमच्या आत-बाहेर. साधारण ८५ पुंगळ्यांचे एक किलो शुद्ध, ओळखीचे पितळ होते. लाखो जवान वर्षभर सराव करतात, हे लक्षात घेतले की ही केवढी खाण आहे ते समजते.

‘ओळखीचे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. गोळी सुटते तेव्हा शिसे आणि त्यावरचे तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण निशाणाकडे जाते. पुंगळी मागे राहते. पण त्या क्षणी तिने मोठे काम केलेले असते. आतल्या वायूचा दाब वातावरणाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. पुंगळी फुगून नळीच्या घराला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आकसते, म्हणून ती ओढून बाहेर काढता येते. निव्वळ तांबे इतके मऊ की ते घरातच अडकेल. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त या प्रमाणातले पितळ मात्र खोल ओढले तरी फाटत नाही आणि त्यात हवी तेवढी लवचीकताही उरते. कपापासून लांब पुंगळी होईपर्यंत तो धातू अनेकदा ओढला जातो. दर ओढीने तो कडक होतो, म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करावा लागतो. त्यात शिसे, कथील किंवा लोखंड किंचित जास्त झाले तरी लाटताना किंवा ओढताना तो फाटतो. म्हणूनच बाजारचे पितळ इथे चालत नाही. नळाच्या तोट्यांचे पितळ कातायला सोपे जावे म्हणून त्यात दोन-तीन टक्के शिसे घातलेले असते. पुंगळीचे भंगार पुन्हा पुंगळीलाच लागते, आणि कोणत्या धातूची ती पुंगळी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ते वितळवावे हे उत्तम.

भंगाराचा दुसरा झरा घरातलाच. पट्टीतून गोल चकत्या काढल्या की जाळी उरते. चकत्या चौकटीत ओळीने मारल्या तर पट्टीचा २१ टक्के भाग वाया जातो. आडव्या-तिरप्या दाटीने मारल्या तरी ९ टक्क्यांच्या खाली येत नाही. ही भूमितीच आहे, तिच्यापुढे कुठल्याही फोरमनचा इलाज चालत नाही. मग ती जाळी, काठांचे कतरण, कातकामाचा कीस हे सारे वेगवेगळ्या पेट्यांत, चिठ्ठी लावून, वजन करून परत भट्टीवर. पेटी मिसळली तर सगळी घाण झालीच म्हणून समजा. नवीन आलेल्या पोराला आधी हेच शिकवले जाई.

परत आलेल्या पुंगळ्यांचा प्रवास जास्त लांब आणि जास्त जोखमीचा. लष्करात जवान तिला ‘खोखा’ म्हणतात. फायरिंग झाले की जितके राउंड दिले तितके खोखे परत मोजून द्यावे लागतात. एखादा कमी भरला तर गवतात पुन्हा शोध सुरू होतो, हे लष्करात किंवा पोलिसांत असलेला कोणीही सांगेल. ही शिस्त नुसत्या धातूसाठी नाही. न उडालेला एक राउंड जरी पोत्यात आला, तरी पुढे तो कुणाच्या तरी हातात किंवा भट्टीत फुटणार. म्हणून प्रत्येक खेपेसोबत तिच्यात स्फोटक उरलेले नाही असा दाखला लागतो. दाखला असला तरी आपल्याकडे माल पुन्हा पसरून बघितला जाई. तांदूळ निवडावेत तसे हाताने निवडायचे : बुडातली ठिणगीची टोपी फुटलेली आहे ना, आत दारू नाही ना, खडा किंवा शिशाचा तुकडा नाही ना. लोखंड चुंबकाने जायचे, बाकीचे डोळ्यांनी. या कामावर नेमलेल्या माणसांचे नाव कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत येत नसे. माझ्या मते निर्माणीतले सर्वांत जबाबदारीचे काम त्यांच्याकडे होते.

मग भट्टी. तांबे १०८५ अंशांवर वितळते, जस्त ९०७ अंशांवर उकळते. पितळ ओतण्याजोगे व्हायला हजार अंशांपलीकडे न्यावे लागते, म्हणजे जस्ताला तिथे राहवतच नाही. भट्टीच्या तोंडाशी पांढराशुभ्र धूर उठतो, तो जस्ताच्या ऑक्साइडचा. भुकटी उडत राहते, पत्र्यावर, भुवयांवर बसते. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरायचा. जुन्या भट्टीवाल्यांना हा ताप चांगला ठाऊक होता. घरी लोक हिवताप समजत. धूर ओढून घेणारे पंखे आणि झाकणे ही सोय नव्हे, माणसाच्या छातीचे रक्षण आहे. उडालेले जस्त भरून काढायला वरून जस्त घालायचे, कोळशाचा थर पसरून हवा तोडायची, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि निकाल येईपर्यंत ओतायचे नाही. चांगला भट्टीवाला ज्वाळेचा रंग आणि धूर पाहून जस्त किती गेले ते सांगे, आणि प्रयोगशाळेचा कागद बहुधा त्याच्या बाजूने येई.

कोकणातल्या पावसाने या कामाला आणखी एक धडा दिला. पुंगळी म्हणजे एका बाजूने बंद असलेली नळी, तिच्यात थेंबभर पाणी राहतेच. अशी ओली पुंगळी वितळलेल्या पितळाखाली गेली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लाल धातू कारंज्यासारखा वर येतो. न फुटलेल्या राउंडइतकीच ही भीती. जून ते सप्टेंबर अंबरनाथला कोरडे असे काही नसते. म्हणून भट्टीत जाणारा माल आधी तापवून सुकवायचा, हा नियम कोणत्याही घाईत मोडायचा नाही. उत्पादनाचे उद्दिष्ट महिनाअखेरीला कितीही ओरडत असो.

पावसाचा आणि पितळाचा आणखी जुना संबंध आहे आणि तो आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवत आणि काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवत. पाऊस संपून पेट्या उघडल्या की अनेक पुंगळ्यांना चिरा पडलेल्या असत, विशेषतः जिथे गोळी पुंगळीच्या तोंडात दाबून बसवलेली असते तिथे. ऋतूबरोबर येणारी ही चीर वर्षानुवर्षे कोडे होऊन राहिली. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा ब्रिटिश संशोधकांनी ते सोडवले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि ओढून ताणलेल्या धातूत कोंडून राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ चिरते. उपायही त्यातच होता. शेवटी धातू हलका तापवून ताण उतरवायचा. खडकीत १८६९ पासून दारूगोळा बनतो आहे. तिथल्या कितीतरी पावसाळ्यांचे नुकसान या एका शोधाने थांबले असेल. आपल्या तपासनीसांनी नरम करण्याच्या भट्टीचे तापमान पुन्हा पुन्हा तपासण्यामागे हा इतिहास आहे.

१९६२ च्या चीनच्या आक्रमणाने सगळ्या निर्माण्यांचे घड्याळ बदलले. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि पुढच्या काही वर्षांत एकट्या महाराष्ट्रात वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा अशा नव्या निर्माण्यांची उभारणी झाली. आपल्याकडची मागणी त्याबरोबर वाढली. १९६५ आणि १९७१ च्या दोन्ही युद्धांत रात्रपाळीचा भोंगा थांबला नाही. पण निर्माणीचे आयुष्य केवळ युद्धांवर मोजू नये. शांततेच्या वर्षांतही सराव होतो, पुंगळ्या परत येतात, भट्टी पेटती राहते.

वसाहतीत शाळा आली, दवाखाना आला, गणेशोत्सव आणि नाटकाच्या तालमी आल्या, आणि संघटनाही आली. संरक्षण कामगारांच्या देशव्यापी संघटनेचे नेतृत्व एस. एम. जोशींसारख्या माणसाने केले, याचा आपल्या पिढीला अभिमान आहे. जुलै १९६० मधला केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप त्याच काळातला.

पुढे धातूचे मान बदलले. १९९० च्या दशकात ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल आली. तिची पुंगळी जेमतेम सहा ग्रॅमची, म्हणजे जुन्या पुंगळीच्या निम्मी. रणगाड्यांच्या तोफांसाठी जळून जाणारी पुंगळी आली, तिच्यामागे धातूचे फक्त बूड उरते. पितळाच्या जागी काही ठिकाणी पोलाद आले. अॅल्युमिनियमचे काम वाढले. भंगारापासून अॅल्युमिनियम पुन्हा करायला खनिजापासून करण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे इथेही परत येणाऱ्या धातूचे मोल कमी झाले नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. आपली निर्माणी नागपूरला मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेली, तर शेजारची मशीन टूल फॅक्टरी दुसऱ्याच कंपनीत, आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये. संघटनांनी विरोध केला, त्याच वर्षी संपावर बंदी घालणारा कायदाही झाला. या बदलाचे बरेवाईट ठरवायला अजून वेळ आहे. माझे एकच म्हणणे आहे : हिशेबाच्या वहीत भंगाराला भाव लागतो तसा निवडणाऱ्याच्या डोळ्यालाही लागला पाहिजे. ते काम स्वस्तात उरकायचे ठरवले, तर त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

ती कुठे मोजावी लागते याची उदाहरणे फार दूर नाहीत. ३० सप्टेंबर २००४ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातले जिवंत तोफगोळे फुटले आणि दहा कामगार गेले. पाठोपाठ देशातल्या कंटेनर डेपोंमध्ये गोळे सापडू लागले. तेव्हा कुठे सरकारने नियम केला की आयातीचे भंगार एकतर यंत्रात तुकडे केलेले असावे, नाहीतर जहाजावर चढण्यापूर्वी त्याची तपासणी झाल्याचा दाखला असावा. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा आगाराजवळ, सोनेगाव (आबाजी) इथल्या मैदानावर, जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत रोजंदारीवर आलेली आसपासच्या गावांतली माणसे होती. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या भोवतालच्या गावांत गोळ्यांचे तुकडे वेचताना, फोडताना माणसे गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. तांब्याच्या एका कड्यासाठी, पितळेच्या बुडासाठी माणूस छिन्नी-हातोडा घेऊन बसतो, कारण त्या धातूला भाव आहे आणि त्याच्या घरी दुसरे उत्पन्न नाही. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये शंभर वर्षांनंतरही शेतकऱ्याच्या नांगराला पहिल्या महायुद्धातले गोळे लागतात. तिथे ते बांधावर ठेवून द्यायचे आणि लष्कराच्या पथकाला कळवायचे, ही रीत पडली आहे. आपल्याकडे ती रीत पडलेली नाही.

मी बाळकुमला राहतो. जुन्या आग्रा रोडवरून, कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जाणाऱ्या ट्रकांत रोज भंगार असते. ठाणे, मुंब्रा, भिवंडीच्या पट्ट्यात त्याच्यावर पोट असणारी हजारो माणसे आहेत. ती कष्टाने आपल्या शहरांचा धातू परत कामाला लावतात. निर्माणीत आपल्याला जे शिकायला मिळाले ते त्यांना कुणी शिकवलेले नाही. त्यांना चुंबक आहे, तराजू आहे, पण टोपी फुटलेली आहे की नाही हे पाहायला कुणी सांगितलेले नाही. आपल्यापैकी ज्यांनी वर्षानुवर्षे हे पितळ हाताळले, त्यांनी निवृत्तीनंतर एक काम करावे असे मला मनापासून वाटते. घराजवळच्या भंगाराच्या दुकानात जावे, पाच मिनिटे बसावे, आणि मालकाला व त्याच्याकडे काम करणाऱ्या पोरांना चार गोष्टी सांगाव्यात. निमुळते तोंड असलेला जड लोखंडी किंवा पितळी तुकडा, टोपी शाबूत असलेली पुंगळी, पंख असलेला नळा, काहीही संशयास्पद आले तर ते हलवू नये, ठोकू नये, कापू नये, तापवू नये. माणसे लांब करावीत आणि ११२ वर फोन करावा. पोलिसांचे बॉम्बशोधक व नाशक पथक येते. दुकान एका दिवसासाठी बंद राहिले तरी चालेल.